खुब्याचा सदोष सांधा: दावा कशावर उभा राहतो

खुबेबदलाच्या शस्त्रक्रियेत कृत्रिम सांध्याचे भाग बंद खोक्यांतून येतात आणि प्रत्येक खोक्यात छोटे स्टिकर असतात. कंपनीचं नाव, मॉडेल, आकार, लॉट नंबर असं सगळं त्यावर छापलेलं असतं. खोकं उघडलं की एक स्टिकर रुग्णाच्या केसपेपरवर चिकटवतात आणि सगळे पुढच्या कामाला लागतात. रुग्ण तेव्हा भुलीखाली असतो, आणि आपल्या शरीरात नक्की काय बसवलं हे त्याला नंतरही बहुधा कुणी सांगत नाही. दहा वर्षांनी सांधा बिघडून कंपनीवर दावा लावायची वेळ आली, तर पहिली शोधाशोध त्या स्टिकरची होते.

दावा लावायच्या आधी एक गल्लत दूर करायला हवी, कारण बऱ्याच रुग्णांची निराशा तिथूनच सुरू होते. शस्त्रक्रिया फसणं वेगळं आणि सांधाच सदोष असणं वेगळं. चांगल्या कंपनीचा सांधा निष्णात सर्जनने बसवला तरी जंतुसंसर्ग होऊ शकतो, गोळा वाटीतून निसटू शकतो, दांडा हाडात सैल पडू शकतो. रुग्णाला त्रास तेवढाच होतो, पुन्हा टेबलावर जावं लागतं तेही तसंच. पण नुकसानभरपाई मागताना न्यायालय विचारतं ते हे की, हा त्रास नेमक्या कुठल्या दोषातून आला आणि तो दोष कुणाचा.

घासतं ते काय

खुबा हा उखळीचा सांधा. मांडीच्या हाडाचं गोल टोक कटीराच्या, म्हणजे कंबरेखालच्या हाडाच्या, खोलगट वाटीत फिरतं. कृत्रिम सांध्यात हीच रचना उभी करतात: मांडीच्या हाडात ठोकलेला दांडा, त्यावर गोळा, कटीरात बसवलेली वाटी आणि वाटीच्या आत अस्तर. चालताना गोळा अस्तरावर घासतो, वर्षाला लाखो वेळा. घासलं की कण सुटणार. कण न सोडणारा सांधा अजून कुणी बनवलेला नाही, आणि हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लंडनच्या न्यायालयात त्याचं वजन कळेल.

आधुनिक खुबेबदलाचे जनक म्हणून ओळखले जाणारे इंग्लंडचे सर्जन जॉन चार्नली यांनाही कणांनीच तोंडघशी पाडलं होतं. त्यांनी आधी टेफ्लॉनच्या वाट्या वापरल्या. त्या भराभर झिजल्या, कणांनी आजूबाजूच्या पेशी चिडल्या, आणि सुमारे ३०० रुग्णांच्या वाट्या निकामी ठरल्या. चार्नलींनी टेफ्लॉनचा नमुना स्वतःच्या मांडीत घालून त्याचा परिणाम पाहिला आणि १९६२ मध्ये ते पॉलिथिलिनकडे वळले. धातूचा गोळा आणि पॉलिथिलिनची वाटी ही जोडी आजही टिकून आहे.

पण पॉलिथिलिनचेही कण सुटतात आणि ते हळूहळू भोवतालचं हाड खातात. सत्तरीच्या माणसाला हे बहुधा चालून जातं. पंचेचाळिशीतल्या, पळणाऱ्या माणसाला नाही. म्हणून धातूवर धातू ही कल्पना पुन्हा वर आली. कोबाल्ट-क्रोमियमचा गोळा, त्याच मिश्रधातूची वाटी. झीज कमी, आणि गोळा मोठा ठेवता येत असल्याने निसटण्याची भीतीही कमी. कल्पना खुळी नव्हती, हे मुद्दाम सांगतो. प्रयोगशाळेतल्या यंत्रावर हे सांधे छान चालायचे. यंत्रात वाटी ठरलेल्या कोनात घट्ट बसवलेली असते, माणसात तशी ती बसेलच असं नाही.

एएसआरची गोष्ट

जॉन्सन अँड जॉन्सनच्या मालकीच्या डेप्यू कंपनीने एएसआर नावाचा धातूवर धातू सांधा २००३ च्या सुमारास बाजारात आणला. याची वाटी इतरांपेक्षा उथळ होती. उथळ वाटीत गोळ्याला कमी आधार मिळतो. बसवताना कोन थोडा जरी तिरका झाला तरी सगळा भार वाटीच्या कडेवर येतो, तिथलं वंगण हटतं आणि धातू धातूवर खरवडू लागतो. ज्यांना लहान मापाचे सांधे बसतात त्यांना, म्हणजे बऱ्याच स्त्रियांना, याचा फटका जास्त बसला. चार-सहा अंशांची चूक जो सांधा सहन करत नाही, त्याचं खापर चूक करणाऱ्या सर्जनवर फोडायचं की इतका नाजूक सांधा विकणाऱ्यावर? कंपनीच्या बचावात सर्जनच्या कोनाचा मुद्दा वारंवार आला. माझ्या मते, नेहमीच्या हातांनी नेहमीच्या शस्त्रक्रियागृहात बसवायची वस्तू नेहमीच्या चुका पोटात घालणारी असायला हवी.

ऑस्ट्रेलियाच्या सांधेबदल नोंदवहीने २००७ पासूनच या सांध्याकडे बोट दाखवलं होतं. डिसेंबर २००९ मध्ये तो तिथून मागे घेतला गेला. जगभरातून माघार मात्र ऑगस्ट २०१० मध्ये झाली, तोवर सुमारे ९३,००० लोकांच्या खुब्यात तो बसला होता. माघारीचं कारण इंग्लंड-वेल्सच्या नोंदवहीतले आकडे: पाच वर्षांत, हाडाच्या गोल टोकावर नुसती धातूची टोपी बसवतात त्या प्रकारचे सुमारे १२ टक्के आणि दांड्यासह संपूर्ण सांध्याच्या प्रकारचे सुमारे १३ टक्के सांधे काढावे लागले होते. तुलनेसाठी, ब्रिटनमध्ये चांगल्या सांध्याची आजची कसोटी दहा वर्षांत ५ टक्के किंवा त्याहून कमी अशी आहे. पुढे लॉस एंजेलिसच्या एका खटल्यात कंपनीचा २०११ मधला अंतर्गत अंदाज बाहेर आला. पाच वर्षांत जवळपास ४० टक्के सांधे निकामी होतील असं त्यात म्हटलं होतं.

खरवडलेला धातू जातो कुठे? काही भाग सांध्याभोवतीच साचतो. तिथले मऊ ऊतक सुजतात, मरतात, कधी द्रवाने भरलेली गाठ तयार होते. डॉक्टर तिला आभासी ट्यूमर म्हणतात, कारण ती दिसते ट्यूमरसारखी पण कर्करोग नसते. स्नायू आणि हाड आतून पोखरलं जातं. उरलेला कोबाल्ट-क्रोमियम रक्तात मिसळतो. कोबाल्ट फार वाढला तर ऐकू कमी येणं, नजर अधू होणं, थायरॉइड आणि हृदयाच्या स्नायूंवर परिणाम अशी उदाहरणं वैद्यकीय साहित्यात आहेत, पण ती विरळ. नेहमीची तक्रार साधी असते: जांघेत दुखणं, लंगडणं, आवाज येणं, सूज. आणि काहींना काहीच जाणवत नाही, तरी आत नुकसान चालू असतं. म्हणून धातूवर धातू सांधा असणाऱ्यांनी त्रास नसला तरी तपासणी करून घ्यावी असं सांगितलं जातं: रक्तातला कोबाल्ट आणि क्रोमियम, आणि धातूमुळे बिघडणारं चित्र सुधारून घेतलेला एमआरआय. ब्रिटनच्या औषध नियामकाने रक्तातल्या धातूची पातळी अब्जात ७ भागांच्या वर गेली तर अधिक लक्ष द्या, अशी सूचना दिली होती. ७ हा सावधानतेचा आकडा आहे. त्याच्या खाली असलेल्याला काही झालेलं नाही आणि वर असलेल्याचा सांधा सदोषच आहे, असं त्यातून सिद्ध होत नाही.

एकट्या रुग्णाला दोष दिसत नाही

एका रुग्णाचा सांधा सहा वर्षांत गेला. सर्जनला वाटतं, दुर्दैव. दुसऱ्या शहरात दुसऱ्या सर्जनच्या हाताखालून गेलेला तसाच एक रुग्ण. त्यालाही वाटतं, दुर्दैव. अशी शेकडो दुर्दैवं एका वहीत मांडली की मगच कळतं, हे नशिबाचं काम नाही, मॉडेलचं आहे. स्वीडनने अशी खुबेबदलाची नोंदवही १९७९ मध्ये सुरू केली. ब्रिटनला मात्र आधी ठेच लागली: तिथे १९९० च्या दशकात विकलेल्या कॅपिटल नावाच्या स्वस्त सांध्याचे रुग्ण शोधताना रुग्णालयांची दमछाक झाली, आणि त्यानंतर राष्ट्रीय नोंदवही उभी राहिली. न्यायालयात रुग्णाच्या बाजूने सगळ्यात जोरकस साक्ष याच वह्या देतात.

मग दावा कुणावर

सर्जनवर दावा करायचा तर निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो: त्या परिस्थितीत कुठलाही जबाबदार सर्जन असं वागला नसता, हे दुसऱ्या तज्ज्ञाच्या तोंडून वदवावं लागतं. कंपनीवरच्या दाव्याची जात निराळी. बऱ्याच देशांत कंपनीने निष्काळजीपणा केला का हे पाहत नाहीत, वस्तू सदोष होती का एवढंच पाहतात. दोष तीन तऱ्हांनी मांडला जातो. आराखडाच चुकलेला, जसं एएसआरच्या उथळ वाटीबद्दल म्हटलं गेलं. आराखडा ठीक पण बनवताना किंवा बांधताना चूक. याचं अलीकडचं उदाहरण एक्झॅक्टेक कंपनीचं. तिच्या पॉलिथिलिनच्या भागांच्या पिशव्यांत ऑक्सिजन अडवणारा एक थर नव्हता. प्लास्टिक रुग्णाच्या शरीरात जाण्याआधी फडताळावरच हवेने खराब होऊ लागलं होतं. २०२१ पासून माघार सुरू झाली, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये कंपनीने अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला. कंपनी दिवाळखोरीत गेली की रुग्ण धनकोंच्या रांगेत उभा राहतो, ही बाजू दावा करताना फार थोड्यांच्या डोक्यात असते. तिसरा दोष इशारा न देण्याचा: धोका कळला होता, पण सर्जनना वेळेत कळवला नाही. इथे कंपनीचे अंतर्गत ईमेल आणि तारखा कामी येतात.

अमेरिकेत यात एक विचित्र वळण आहे. तिथे उपकरण बाजारात आणायचे मुख्य रस्ते दोन. लांबच्या रस्त्यात कंपनीने सुरक्षितता दाखवायची आणि एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध व उपकरण नियामकाने, तपासून पूर्वमान्यता द्यायची. जवळच्या रस्त्याला फाइव्ह-टेन-के म्हणतात. त्यात आपलं उपकरण आधीच्या एखाद्या उपकरणासारखंच आहे एवढं पटवलं की पुरतं. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये सांगितलं की लांबच्या रस्त्याने आलेल्या उपकरणावर राज्याच्या कायद्याखाली सहसा दावा करता येणार नाही. जवळच्या रस्त्याने आलेल्यांना हे संरक्षण नाही, हे १९९६ मध्येच ठरलं होतं. म्हणजे ज्याची तपासणी कमी झाली त्याच्या रुग्णाला न्यायालयाचं दार उघडं, ज्याची जास्त झाली त्याच्या रुग्णाला जवळजवळ बंद. एएसआरचा संपूर्ण सांधा तिथे जवळच्या रस्त्याने आला होता. म्हणूनच हजारो खटले उभे राहू शकले. २०१६ मध्ये एफडीएने धातूवर धातूच्या संपूर्ण खुबेबदल सांध्यांना लांबचा रस्ता सक्तीचा केला.

ते हजारो खटले एका न्यायाधीशापुढे आणून पुराव्यांचा सामाईक भाग एकदाच हाताळला गेला. इथे प्रत्येकाचा खटला स्वतंत्रच राहतो, फक्त कागदपत्रं आणि तज्ज्ञांच्या साक्षी वाटून घेतल्या जातात. नोव्हेंबर २०१३ मध्ये कंपनीने सुमारे ८,००० रुग्णांसाठी जवळपास २.५ अब्ज डॉलरची तडजोड जाहीर केली. डोक्यामागे मूळ रक्कम साधारण अडीच लाख डॉलर, आणि त्यातून वकिलाचा वाटा वजा. अट अशी की ठरलेल्या तारखेच्या आधी सांधा काढलेला असावा. ज्यांच्या रक्तात धातू होता पण सांधा अजून जागेवर होता, ते त्या यादीत नव्हते. स्ट्रायकर कंपनीच्या रिज्युव्हनेट आणि एबीजी-२ या सांध्यांचंही असंच झालं. त्यांच्या दांड्याची मान वेगळी जोडायची असे, त्या जोडात गंज धरला, २०१२ मध्ये माघार आणि २०१४ मध्ये एक अब्ज डॉलरहून मोठी तडजोड.

एक सांधा, दोन न्यायालयं

डेप्यूचाच पिनॅकल हा सांधा धातूच्या अस्तरासह हजारो लोकांना बसवला गेला. टेक्ससमध्ये २०१६ साली ज्यूरीने पाच रुग्णांना मिळून सुमारे ५० कोटी डॉलर दिले. एप्रिल २०१८ मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला, कारण ज्यूरीपुढे नको ती माहिती आणली गेली होती. महिनाभराने लंडनच्या उच्च न्यायालयाने त्याच सांध्याबद्दल ३१२ रुग्णांच्या सामूहिक दाव्यात निकाल दिला: सांधा सदोष असल्याचं सिद्ध झालं नाही.

या निकालाने अनेकांना धक्का बसला, पण त्यातला तर्क समजून घ्यायला हवा. इंग्लंडचा १९८७ चा ग्राहक संरक्षण कायदा विचारतो: वस्तू बाजारात आली तेव्हा लोकांना सर्वसाधारणपणे जितक्या सुरक्षिततेची अपेक्षा ठेवण्याचा हक्क होता, तितकी ती सुरक्षित होती का? न्यायाधीश म्हणाल्या की कण प्रत्येकच सांधा सोडतो आणि कणांना काही शरीरं वाईट प्रतिसाद देतात. नुसत्या त्या शक्यतेला दोष म्हणता येणार नाही. त्या काळच्या इतर सांध्यांपेक्षा हा पहिल्या दहा वर्षांत लक्षणीय प्रमाणात जास्त निकामी होतो, हे दाखवायला हवं होतं, आणि आकड्यांतून ते ठामपणे निघालं नाही. दुखणाऱ्या माणसाला हे कोरडं वाटेल. मलाही वाटतं. पण कंपनीवर दावा लावायच्या आधी वकिलाला विचारायचा पहिला प्रश्न यातून मिळतो: माझ्या मॉडेलचे नोंदवहीतले आकडे काय म्हणतात?

भारतात काय झालं

भारतात एएसआरच्या सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने पोलिसांत तक्रार केली, ती या प्रकरणातल्या सुरुवातीच्या ठोस पावलांपैकी एक. केंद्राने २०१७ मध्ये डॉ. अरुणकुमार अगरवाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तिने किमान २० लाख रुपये भरपाईची शिफारस केली. दुसऱ्या समितीने वय आणि अपंगत्वाचं प्रमाण धरून सूत्र बनवलं: ३० लाखांपासून १.२३ कोटी रुपयांपर्यंत. कंपनी या सूत्राविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेली. मे २०१९ मध्ये तिने तिथे ६७ रुग्णांना प्रत्येकी २५ लाख द्यायची तयारी दाखवली. पण मला सगळ्यात जास्त खुपतो तो दुसराच आकडा. ४,७०० पैकी जेमतेम १,०८० जण कंपनीच्या मदतवाहिनीवर नोंदले गेले. बाकीच्यांच्या खुब्यात काय आहे हे कदाचित त्यांनाही ठाऊक नसेल. स्टिकर असतील, कुठल्यातरी जुन्या केसपेपरवर.

आज दावा करायचा तर मुख्य आधार ग्राहक संरक्षण कायदा २०१९. त्यात उत्पादनाच्या दोषाबद्दल स्वतंत्र प्रकरण आहे: आराखडा, निर्मिती, अपुऱ्या सूचना किंवा इशारे, यांपैकी काहीही दाखवता आलं तर उत्पादक जबाबदार. उत्पादक परदेशात असून त्याच्यापर्यंत नोटीस पोहोचत नसेल तर विक्रेत्यालाही धरता येतं, आणि आयात करणारा विक्रेत्यातच मोडतो. दावा जिल्हा, राज्य की राष्ट्रीय अशा कुठल्या ग्राहक आयोगापुढे जायचा हे तुम्ही किती भरपाई मागता यावर ठरत नाही, वस्तू किंवा सेवेसाठी किती पैसे मोजले होते यावर ठरतं. त्यामुळे मोठ्या रकमेचा दावाही जिल्हा आयोगापुढे चालू शकतो. एकाच मॉडेलचे अनेक रुग्ण आयोगाच्या परवानगीने मिळून तक्रार करू शकतात. उपकरणांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रम २०१५ पासून गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगाकडे आहे. तिथल्या नोंदीने पैसे मिळत नाहीत, पण तुमचं दुर्दैव वहीत जातं.

घड्याळ

चांगले दावे पुराव्याअभावी जेवढे पडतात, जवळपास तेवढेच मुदत हुकल्याने पडत असावेत. भारतात ग्राहक तक्रारीला दोन वर्षं, पुरेसं कारण दाखवलं तर उशीर माफ होऊ शकतो. इंग्लंडमध्ये तीन वर्षं. अमेरिकेत राज्याराज्यांत वेगळं, बहुतेक ठिकाणी दोन-तीन वर्षं. मोजायला सुरुवात कधी करायची यावर भांडण असतं. शस्त्रक्रियेचा दिवस, दुखू लागलं तो दिवस, की सांध्यात दोष आहे हे कळलं तो दिवस? पुष्कळ ठिकाणी कळल्याचा दिवस धरतात. पण माघारीचं पत्र घरी आलं आणि ते न वाचता कपाटात ठेवलं, तर त्या पत्राच्या तारखेलाच तुम्हाला कळलं होतं असं कंपनीचा वकील म्हणणार. युरोपात आणखी एक कुंपण आहे: वस्तू बाजारात आल्यापासून दहा वर्षांनी दाव्याचा हक्कच संपतो. सांधा पंधरा वर्षं टिकेल असं सांगून विकायचा आणि दाव्याची खिडकी दहाव्या वर्षी बंद करायची, यातली विसंगती युरोपीय संघाने उशिरा मान्य केली. ९ डिसेंबर २०२६ नंतर बाजारात येणाऱ्या वस्तूंसाठी, इजा उशिरा उघड होणारी असेल तर, ही मर्यादा २५ वर्षांची होईल.

हातात काय असावं

शस्त्रक्रियेची टिपणं आणि स्टिकरची प्रत मागा, आज दुखत नसलं तरी. रुग्णालयं जुनी कागदपत्रं कायम ठेवत नाहीत. जुने-नवे एक्स-रे, रक्ताचे अहवाल, कामावरची रजा, खर्चाच्या पावत्या एका फायलीत. कंपनीकडून आलेल्या कुठल्याही कागदावर सही करण्याआधी वकिलाला दाखवा. तपासणीचा खर्च देण्याच्या अर्जात कधी कधी वैद्यकीय नोंदी कंपनीला पाहू देण्याची संमती दडलेली असते.

आणि सांधा काढायची वेळ आलीच, तर तो काढलेला सांधा. तो तुमच्या बाजूचा सगळ्यात मोठा पुरावा असतो, पण कुणी काही सांगितलं नाही तर शस्त्रक्रियागृहातून तो कचऱ्यात जातो. म्हणून शस्त्रक्रियेच्या आधीच सर्जनला आणि रुग्णालयाला लेखी पत्र द्या: काढलेले सगळे भाग आणि ऊतकाचा नमुना जपून ठेवावा, त्यावर नाव-तारीख घालावी, कुणाच्या ताब्यात दिला याची नोंद करावी. कंपनीचा माणूस तपासणीसाठी भाग मागायला येऊ शकतो. द्यायचाच झाला तर आधी फोटो काढून, मापं घेऊन, पोच घेऊन आणि वकिलाला विचारून. तपासताना धातू कापावा लागू शकतो, आणि कापलेली कड दुसऱ्या तज्ज्ञाला पुन्हा मोजता येत नाही.